ओवीच्या मागचा आवाज

शिनोलीत रस्त्याला लागूनच माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक आरसा आणि खिळ्यांना अडकवलेल्या ब्लाउजांच्या पिशव्या. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या दिवसभर दारावरून जातात. त्यांचा आवाज नको म्हणून मी आधी हेडफोन घेतले आणि मग त्यांची सवयच लागली. पाय मशीनवर, हात कापडावर, कान गाण्यात. माझे मालक म्हणायचे, "दारात चोर येऊन उभा राहिला तरी तुला कळायचं न्हाई." मी हसायचे.

आमचा एक ग्रुप आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली तेरा-चौदा माणसं, सगळी ऐकण्याच्या नादाची. नियम एकच: आत्ता काय ऐकताय तेवढंच टाकायचं. सुप्रभात नाही, देवाचे फोटो नाहीत, राजकारण तर नाहीच. गाणं टाका, नाहीतर समोर जे वाजतंय त्यावर फोन धरून टाका, आणि कुठं बसलाय ते सांगा. एक निवृत्त गुरुजी रोज सकाळी एखादा राग टाकायचे आणि खाली परीक्षेच्या पेपरासारखं दोन ओळींत त्याचं मर्म लिहायचे. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो नेणारे एक पिकअपवाले भाऊ होते. ते गाडीत लागलेली जुनी हिंदी गाणी टाकायचे. त्यांत मूळ गायकापेक्षा भाऊंचाच आवाज मोठा असायचा.

आणि एक मावशी होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी त्या माझ्याकडं चोळी शिवायला आल्या होत्या. माझ्या हेडफोनमधून बारीक आवाज बाहेर येत होता, तो ऐकून म्हणाल्या, "काय गं ताई, कानात कोण बोलतंय?" मी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावले. सनई चालली होती. त्या पापणी न हलवता शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग कमरेच्या पिशवीतून फोन काढून म्हणाल्या, "मला बी घाला तुमच्यात." फोन त्यांचा चांगला होता. घोडीच्या पाठीवर सामानासोबत सोलरची पाटी बांधलेली असायची, त्यावर तो चार्ज व्हायचा. त्यांना मीच ग्रुपमध्ये घेतलं. म्हणून पुढं जे झालं त्यात मला माझा वाटा सारखा टोचत राहिला.

मावशींना लिहिता येत नव्हतं. त्या आवाजच पाठवायच्या. लोकर कातरतानाची कात्री, कोकरू दुधाला लागलंय ते, त्यांच्या मालकांनी वाजवलेला ढोल. गुरुजींनी एकदा लिहिलं होतं, "आपण गाणी ऐकतो. ही बाई ऐकते." ते कुणाकडून तरी वाचून घेऊन मावशींनी उत्तर पाठवलं, "मंग काय करू राव, डोळ्यांनी कमी दिसतंय आता!" आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या.

दिवाळी होऊन गेली होती. माळशेज घाट उतरून कोकणात जायच्या वाटेवर त्यांचा मुक्काम डिंगोऱ्याच्या अलीकडं पडला होता. सोयाबीन निघालेलं एक रान होतं. शेतकऱ्यानं खतासाठी मेंढरं बसवून घेतली होती. दोन दिवसांपूर्वीच मावशींनी सांगितलं होतं, "वढ्याच्या कडंला हाय आमी. एक बाभळ हाय, तिच्याखाली पाल ठोकलंय. बाजूला निस्ता ऊसच ऊस."

त्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास ग्रुपवर मावशींचा आवाज आला. चार मिनिटांचा. एवढा लांब त्यांनी कधीच पाठवला नव्हता. मी साडीला फॉल लावत होते. ऐकायला लागले.

आधी मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या, "आमची सून गाती, आयका." मग एक कोंबडा आरवला, आणि सुनेचा आवाज सुरू झाला. झोळीतल्या बाळासाठी म्हणायची ओवी होती. झोळीची दोरी कुरकुर वाजत होती आणि त्या कुरकुरीच्या तालावर ती गात होती. पहिली दोन मिनिटं आवाज साधाच होता, घरातल्या कामासारखा. मग त्यात हळूहळू एक कंप आला. शब्द तेच, चाल तीच, पण आवाज तारेसारखा ताणला गेला आणि तसाच राहिला. माझ्या अंगावर काटा आला. इतकं सुंदर मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

ग्रुपवर एकच झुंबड उडाली. गुरुजींनी लिहिलं, "हा कंप शिकवून येत नाही." कुणी लिहिलं, "मावशी, सुनेला स्टेजवर आणा." कुणी नुसते हात जोडले. एकानं विचारलं, "मागं करवत चालू आहे का? दोन मिनिटांनंतर आवाज येतोय." त्यावर कुणी तरी लिहिलं, "लाकूड कापणं चाललं असेल. खेड्यातलं रेकॉर्डिंग आहे, चालायचंच."

करवत. तो शब्द वाचून मी मशीन थांबवलं.

माझं माहेर उसाच्या पट्ट्यातलं. मी सात-आठ वर्षांची असताना एका पहाटे वडिलांनी मला उठवून दाराच्या आतच उभं केलं होतं आणि म्हणाले होते, "आयक. लाकूड कापल्यासारखं वाटतंय का? पुढं-मागं, पुढं-मागं? बिबट्या असा वरडतो. लक्षात ठेव. हा आवाज आला की जिथं असशील तिथंच थांबायचं."

मी हेडफोन नीट कानांवर दाबले आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं. दोरीची कुरकुर. ओवी. मग दोन मिनिटं झाल्यावर, लांबून, खरखर... खरखर... खरखर. पुढं आणि मागं. करवतीला मधे दम खायला लागतो तसा थोडा थांबून पुन्हा. कुत्रं एकदाच भुंकलं. पुरतं भुंकलंसुद्धा नाही, भुंकणं अर्ध्यावर तुटलं. आणि त्यानंतरचा आवाज लांबून नव्हता.

ओवी मात्र चालूच होती. मग रेकॉर्डिंग संपलं.

मी मावशींना फोन लावला. "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती..." पुन्हा लावला. पुन्हा तेच. बाहेर लख्ख ऊन होतं, गाड्या जात होत्या, समोरच्या टपरीवर माणसं चहा पीत होती आणि मला वाटत होतं की तिकडं डिंगोऱ्याजवळ या क्षणी एक झोळी हलतेय आणि उसातून ते बघतंय. ग्रुपवर लिहावं का? लिहून पुसलं. करवत निघाली तर? शिकलेल्या माणसांत हसं होईल ही भीती त्याही वेळी मनात होती, हे कबूल करायला मला आजही लाज वाटते. त्यात माझी चार-पाच मिनिटं गेली.

मग मी पिकअपवाल्या भाऊंना फोन केला. ते माल उतरवून घोडेगावात जेवायला थांबले होते. दहा मिनिटांत गाडी दारात आली. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावले. ते उभ्यानंच ऐकत होते. दोन मिनिटांनी त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"ताई, ही करवत न्हाई."

"नाही ना?"

"आमच्या गोठ्यामागं मागल्या साली रोज यायचं. बसा गाडीत."

मालक शेतावर होते. त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "जा, पण गाडीतनं उतरू नको." मी हो म्हणाले. वाटेत वनखात्याला फोन लावला. तिकडच्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नेमकं कोणतं रान? गट नंबर, शेतकऱ्याचं नाव?" मला एवढंच सांगता आलं: ओढा, बाभळ, सोयाबीन निघालेलं रान. तो म्हणाला, "बाई, डिंगोऱ्यात असली शंभर रानं असतील. तरी पथक काढतो. तुम्ही पोचलात की लोकेशन टाका."

भाऊंच्या गाडीत गाणं नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी टेप बंदच ठेवला होता. घोडेगाव सुटलं, जुन्नर मागं पडलं. लेण्याद्रीच्या डोंगरावर तेवढं पिवळं ऊन उरलं होतं, खाली सावल्या पडत चालल्या होत्या. मी दर पाच मिनिटांनी फोन लावत होते. मधेच ग्रुपवर टिणटिण वाजायचं. कुणी ओवीच्या शब्दांबद्दल विचारत होतं. एकीनं लिहिलं, "मी तिसऱ्यांदा ऐकतेय." मला ते वाचवेना. फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

डिंगोऱ्याच्या अलीकडं भाऊंनी एका पानटपरीवर गाडी थांबवून विचारलं, "पावणं, मेंढरांचा वाडा कुठं बसलाय इकडं?"

टपरीवाल्यानं बोट केलं. "त्या वढ्याकडं. पर मोठी मेंढरं काल सांच्यालाच पुढं गेली, मढच्या बाजूला. मागं बाया न् कोकरं हाईत वाटतं."

म्हणजे बाया एकट्या. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं आणि गाडी कच्च्या रस्त्याला घातली.

दोन्ही बाजूंना ऊस. गाडीपेक्षा उंच. पानं काचेला घासत होती. ओढ्याला चर पडलेला, गाडी पुढं जाईना. अजून अंधार नव्हता, पण उसाच्या बुडाशी काही दिसत नव्हतं. मालकांना दिलेला शब्द मला आठवत होता. भाऊंनी सीटमागचा लोखंडी रॉड घेतला. "तुमी बसा, मी जातो," म्हणाले. पण त्या गाडीत, काचांना उसाची पानं लागलेली असताना, एकटीनं बसणं मला त्याहून अवघड होतं. मी उतरले.

"मोबाईल मोठ्यानं लावा," भाऊ म्हणाले. "मानसं येत्यात हे कळू दे."

मी फोनमध्ये जे हाताला लागलं ते पूर्ण आवाजात लावलं. कोणतं गाणं होतं ते मला आजही आठवत नाही. किती आठवून पाहिलं. आवाज होता एवढंच. तो उसावर आदळून परत येत होता आणि आम्ही पाय उचलून चालत होतो. धावायचं नाही असं भाऊ सारखं सांगत होते, आणि स्वतःच माझ्या पुढं जात होते. एकदा उसात काही सळसळलं. मी त्यांचा सदरा मागून धरला तो सोडलाच नाही.

ओढा ओलांडला. बाभळ दिसली.

बाभळीखाली चूल होती, राख विझलेली. पाल उभं होतं. पाण्याचा हंडा कलंडलेला. आणि फांदीला झोळी टांगलेली होती, तिची दोरी खाली लोंबत होती. झोळी रिकामी होती.

मी फोन बंद केला. का केला ते माहीत नाही. सगळीकडं शांतता झाली. भाऊ झोळीपाशी गेले, त्यांनी आत हात घालून पाहिला आणि हात झटकन मागं घेतला. कापड गार होतं, एवढंच. थोडं पुढं मातीत काही तरी फरफटत नेल्याची खूण होती, थेट उसापर्यंत. भाऊ तिच्याकडं बघत होते, आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होते.

"कोन हाय?" असा आवाज आला.

रानाच्या दुसऱ्या टोकाला शेतकऱ्याची पत्र्याची शेड होती. शेडला लागून जाळीचं कुंपण उभं केलेलं, त्यात कोकरं कोंबलेली. त्या कोकरांच्या मधे मावशी उभ्या होत्या, हातात जळकं लाकूड. त्यांच्या मागं सून बसली होती, भिंतीला पाठ लावून. बाळ तिच्या छातीशी लुगड्यानं घट्ट बांधलेलं. ते जागं होतं आणि कोकरांकडं बघत हात हलवत होतं.

मी जाळीपाशी जाऊन मातीतच बसले. मावशी म्हणाल्या, "अगं ताई, तू कशी काय इकडं?"

"मावशी, तुमचं ते आलं ना. साडेतीनला. मी ऐकलं."

हातातलं लाकूड त्यांनी खाली टाकलं. मग हळू म्हणाल्या, "ते सकाळचं हाय गं. तांबडं फुटताना. हितं रेंज कुठाय? दुपारी मी रस्त्यावर गेले पोराला फोन लावाया, तवा आपसूक गेलं आसंल. पोराशी बोलले न् फोन मेला."

म्हणजे मी ज्याच्यासाठी धावत आले होते ते सकाळीच घडून गेलं होतं. आवाजात कोंबडा आरवला होता. तो मी दोनदा ऐकला होता.

मावशींनी मग सगळं सांगितलं. पहाटे सून बाळाला झोका देत गात होती. आवाज चांगला लागला म्हणून मावशींनी फोन धरला. तेवढ्यात उसातून ते ओरडायला लागलं. कुत्रं उठून पुढं गेलं आणि भुंकलं. मग कुत्रं दिसलं नाही. जनावर उसाच्या कडेला आलं. "त्या दगडापाशी. झोळीपासनं एवढंच," असं म्हणून त्यांनी बोट दाखवलं. मी पाहिलं, तर माझ्या दुकानाच्या दारापासून समोरच्या टपरीपर्यंत असेल तेवढंच अंतर.

"सून थांबाया लागली. मी डोळ्यांनी खुणावलं, गात ऱ्हा. थांबू नगंस."

"का पण?" भाऊंनी विचारलं.

"थांबली आसती तर उठली आसती. उठली की पळाली आसती. पळनाऱ्याच्या मागं येतं ते. गात बसली म्हंजी हात-पाय जाग्यावर. पोरगं बी झोपल्यालं ऱ्हायलं. रडलं आसतं तर..." त्यांनी मागं वळून बाळाकडं पाहिलं. "माझ्या हातातला फोन तसाच व्हता. बोट हलवाया धीर झाला न्हाई. ते गेलं कुत्र्याला घिऊन, तवा बोट सुटलं."

मी सुनेकडं पाहिलं. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. ती आमचं बोलणं ऐकत नव्हती. तिचे डोळे उसावर होते. आणि माझ्या मनात गुरुजींची ओळ उभी राहिली, हा कंप शिकवून येत नाही. माझ्या अंगावर आलेला काटाही आठवला. दुपारी तो कौतुकाचा होता.

पानटपरीवर रेंज होती तिथूनच मी लोकेशन टाकलं होतं, त्यावरून थोड्याच वेळात वनखात्याची माणसं आली. शेतकरीही ट्रॅक्टर घेऊन आला. फटाके लावले, ट्रॅक्टरचे दिवे उसाकडं तोंड करून ठेवले. मढकडून मावशींचे मालक आणि मुलगा पोचले. मुलगा आला तसा थेट बायकोपाशी जाऊन बसला. तिच्या डोक्यावरचा पदर त्यानं सारखा केला. वनखात्याच्या माणसांनी सांगितलं, बाया-पोरांनी इथं थांबायचं नाही. मावशी कोकरं सोडून हलायला तयार नव्हत्या. शेवटी पुरुष कोकरांपाशी थांबले आणि आम्ही सून, बाळ आणि हो-नाही करत मावशींना शेतकऱ्याच्या घरी नेलं.

शेतकऱ्याच्या बायकोनं चहा केला. सुनेनं कप हातात धरला, प्यायली नाही. मग ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. आवाज पार बसलेला होता.

"तुमी ऐकलं?"

"हो."

"समद्यांनी ऐकलं?"

मी मान हलवली. तिनं कप खाली ठेवला. "लई घाबरले व्हते मी. ते लोकांनी आयकाया नगं. पुसून टाका ना ताई."

मावशींच्या फोनला तिथं चार्जिंग आणि रेंज मिळाली, तसं मी सगळ्यांकडून ते पुसलं जाईल असं बटण दाबलं. पण लोकांनी आधीच उतरवून घेतलं होतं. मग मी ग्रुपवर लिहिलं. काय घडलं ते जसंच्या तसं, कुठंही न सजवता, आणि शेवटी, ती म्हणते पुसून टाका. मग गुरुजींचा मला वेगळा फोन आला. "मी चार जणांना पाठवलंय हो," एवढंच ते दोनदा म्हणाले.

त्यांनी त्या चौघांना फोन केले. पण त्या चौघांनी आधीच आणखी कुणाकुणाला पाठवलं होतं. दहा-बारा दिवसांनी मी घोडेगावहून एस.टी.नं येत होते, तेव्हा पुढच्या सीटवरच्या एका बाईच्या फोनवर ती ओवी लागली. बाई मान डोलवत होती. दोन मिनिटं व्हायला आली तशी मी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. करवत सुरू झाली. गाडीतल्या कुणालाच काही वाटलं नाही. मी बाईच्या खांद्याला हात लावला आणि म्हटलं, "ताई, हे बंद करा." ती दचकली, रागावली, मग माझा चेहरा पाहून तिनं फोन खाली ठेवला. मी आधीच्याच थांब्यावर उतरले आणि उरलेलं अंतर कडेच्या उसापासून लांब, रस्त्याच्या मधोमध चालत आले.

आता दुकानात मी एकाच कानाला हेडफोन लावते. मालक संध्याकाळी मला विचारल्याशिवाय दार लावून घेतात. ग्रुप चालू आहे, पण आता कुणी काही टाकलं की मी आधी त्याच्या मागचं ऐकते. गाण्याकडं लक्ष नंतर जातं, कधी जातही नाही. गुरुजींनाही तसंच होतं म्हणे.

मावशींची माणसं चौथ्या दिवशी हलली आणि घाट उतरून गेली. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचा फोन लागत नव्हता. मी रोज लावायचे. न लागल्याची भीती वेगळी आणि लागला तर काय ऐकू येईल याची वेगळी. मग एका दुपारी त्यांचाच फोन आला.

"ताई, उतरलो खाली. बरं हाय समदं. नवं कुत्रं आणलंय, अजून येडं हाय."

"आणि सून?"

"हाय की. कामात हाय."

मागून तिचा आवाज येत होता, एका कोकराला ती दटावत होती. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिले. कोकरू ओरडत होतं, बाळ हसत होतं, भांडं आपटल्याचा आवाज आला.

"गाते का ती?" मी विचारलं.

"पोराला थोपटती निस्ती," त्या म्हणाल्या. "झोपतं तसं बी."